कर्नल अपडेटनंतर संगणक सुरू होत नसेल तर

मे महिन्यातल्या एका सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेतून फोन आला. तिथले पाच संगणक मी सांभाळतो. पलीकडचा विद्यार्थी घाबरलेला होता. "सर, दोन नंबरचा कॉम्प्युटर चालूच नाही होऊन राहिला. काळ्या स्क्रीनवर नुसतं इंग्रजीत काहीतरी लिहून येऊन राहिलं." आदल्या दुपारी त्या संगणकावर उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमचे अपडेट चालू असताना लाइन गेली होती, यूपीएसची बॅटरी उन्हाने आधीच थकलेली होती, आणि लाइन परत आल्यावर कोणीतरी बटण दाबले तेव्हापासून पडद्यावर 'कर्नल पॅनिक' (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, तो अडला असा अर्थ) या शब्दांच्या पुढे काही सरकत नव्हते. मी पोहोचेपर्यंत तिथल्या दोघांनी "फॉरमॅट मारून टाका" असा सल्ला देऊनही टाकला होता. त्या डिस्कवर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीची दोन वर्षांची टिपणे होती. चाळीस मिनिटांत संगणक सुरू झाला आणि एकही फाइल गेली नाही. त्या चाळीस मिनिटांत काय केले आणि इतर प्रकारच्या बिघाडांत काय करावे लागते, ते क्रमाने लिहून ठेवावे असे तेव्हाच ठरवले होते.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की धरावी. उबुंटू, मिंट, डेबियन किंवा डेबियनवरच आधारलेली सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस, यांपैकी कोणत्याही व्यवस्थेत कर्नलचे अपडेट येते तेव्हा जुने कर्नल लगेच पुसले जात नाही. नवे कर्नल ही '/बूट' या फोल्डरमध्ये ठेवलेली एक वेगळी फाइल असते, तिच्या जोडीला त्याच आवृत्तीची इनिटरॅमएफएस नावाची दुसरी फाइल असते, आणि त्या आवृत्तीचे ड्रायव्हर '/लिब/मॉड्यूल्स' मध्ये स्वतःच्या फोल्डरात असतात. जुन्या आवृत्तीचे हे तिन्ही भाग बहुधा शेजारीच शाबूत असतात. तुमच्या फाइली '/होम' मध्ये असतात आणि कर्नलचे अपडेट तिकडे फिरकतही नाही. म्हणून फॉरमॅट हा या बिघाडावरचा उपाय नाही, आणि घाईत केलेले फॉरमॅट हे या सगळ्या प्रकरणातले एकमेव खरे नुकसान ठरू शकते.

पुढे दिलेल्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप कराव्यात आणि आडव्या रेघा व मोकळ्या जागा जशा आहेत तशाच ठेवाव्यात.

आधी तो नेमका कुठे थांबतो ते पाहा

"सुरू होत नाही" या तीन शब्दांत निदान पाच निरनिराळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते. मदरबोर्डवरचे फर्मवेअर (बोर्डातच बसवलेला प्रोग्रॅम) डिस्क शोधते, ते ग्रब या बूटलोडरला जागे करते, ग्रब कर्नल आणि इनिटरॅमएफएस या दोन फाइली मेमरीत आणतो, कर्नल इनिटरॅमएफएसच्या मदतीने मुख्य डिस्क उघडते, मग सिस्टमडी सगळ्या सेवा सुरू करते, आणि शेवटी ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॉगिनचा पडदा दाखवतो. यांपैकी कोणाच्या हातून काम निसटले हे ओळखता आले की निम्मे निदान झाले, म्हणून बटण पुन्हापुन्हा दाबण्याऐवजी एकदाच दाबावे, पडद्यासमोर बसावे आणि जिथे थांबेल तिथला मजकूर मोबाइलने टिपून ठेवावा.

ग्रबचे नावही न येता फर्मवेअर "बूट करण्याजोगे काही सापडले नाही" अशा अर्थाचा संदेश देत असेल, तर कर्नलला दोष देण्यात अर्थ नाही. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथे डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर कॅबिनेट उघडून डिस्कला जोडलेली साटाची केबल काढून पुन्हा बसवावी. आपल्याकडे उन्हाळाभर कूलरची दमट हवा आणि धूळ एकाच खोलीत असतात, आणि त्यामुळे सैल झालेले किंवा गंजलेले कनेक्टर मी अनेकदा पाहिले आहेत. अपडेट आणि केबलचा बिघाड एकाच दिवशी येणे हा निव्वळ योगायोग असू शकतो.

ग्रबचा मेनू येतो, पण नोंद निवडल्यावर "फाइल सापडली नाही" असा संदेश येतो, तेव्हा अपडेट अर्धवट राहिलेले असते आणि ग्रबच्या यादीत नाव आहे पण '/बूट' मध्ये ती फाइल नाही. "बॅड शिम सिग्नेचर" असे येत असेल तर प्रश्न सिक्युअर बूटचा आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

अभ्यासिकेतल्या संगणकावर होता तो प्रकार सर्वांत सामान्य आहे. कर्नल सुरू होते, ओळी धावतात आणि शेवटी मूळ फाइलसिस्टम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) माउंट करता, म्हणजे जोडता, येत नाही अशी तक्रार करून, "अननोन-ब्लॉक" आणि कंसात दोन शून्ये दाखवून, सगळे थांबते. या ओळीचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की या आवृत्तीची इनिटरॅमएफएस फाइल तयारच झाली नाही किंवा अर्धवट तयार झाली. ती फाइल म्हणजे डिस्क उघडायला लागणाऱ्या ड्रायव्हरांची छोटी पेटी असते. पेटीच नसेल तर कर्नलला कोणतीच डिस्क ओळखता येत नाही, आणि दोन शून्ये तेच सांगत असतात. डिस्क खराब झाली असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

याच टप्प्यावर कधी पॅनिक न येता 'बिझीबॉक्स' असे लिहिलेला आणि कंसात इनिटरॅमएफएस दाखवणारा प्रॉम्प्ट येतो. त्याच्या वरच्या दोन-चार ओळी वाचाव्यात. तिथे "एफएससीके हाताने चालवा" असे सांगितले असेल, तर डिस्कवरच्या फाइलसिस्टमची नोंद लाइन जाताना विस्कटली आहे. तिथेच 'एफएससीके' ही कमांड, त्यापुढे संदेशात दिलेले पार्टिशनचे (डिस्कच्या भागाचे) नाव आणि '-वाय' असे देऊन दुरुस्ती चालवावी आणि ती संपल्यावर 'एक्झिट' द्यावे. डिस्कच्या आरोग्याबद्दल शंका असेल, म्हणजे पडद्यावर "आय-ओ एरर" असे शब्द वारंवार दिसत असतील, तर एफएससीके आधी चालवू नये. आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून फाइलींची प्रत काढावी, कारण मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्ती चालवणे तिचा उरलासुरला श्वासही घेऊ शकते.

"यू आर इन इमर्जन्सी मोड" असे आले तर कर्नल आणि डिस्क दोन्ही बहुधा ठीक आहेत आणि सिस्टमडी अडली आहे. अशा वेळी '/ईटीसी/एफएसटॅब' या, कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या फाइलीत काढून टाकलेल्या एखाद्या जुन्या डिस्कची किंवा बाहेरच्या हार्डडिस्कची नोंद राहिली आहे का ते पाहावे. येथे एक बाब सहसा लक्षात येत नाही. अनेक संगणक आठवडेच्या आठवडे नुसते झोपवले आणि उठवले जातात, त्यांना खरे रीस्टार्ट कर्नलच्या अपडेटनंतरच मिळते, आणि मधल्या काळात कोणीतरी केलेला चुकीचा बदल त्याच दिवशी उघडा पडतो. म्हणून "गेल्या रीस्टार्टनंतर या संगणकाला काय काय केले?" हा प्रश्न "अपडेटमध्ये काय आले?" या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

शेवटचा प्रकार काळ्या पडद्याचा. डिस्कचा दिवा लुकलुकतो, पंखा चालतो, पण लॉगिन येत नाही. तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे. साधा मजकुराचा लॉगिन आला तर संगणक सुरू झालेलाच आहे, फक्त ग्राफिक्स अडले आहे.

जुन्या कर्नलने सुरू करा

कुठे थांबते ते पाहून झाले की पुढचे पाऊल जवळजवळ नेहमी एकच असते. संगणक सुरू करून, कंपनीचे चिन्ह येऊन गेल्याबरोबर एस्केप एकदा दाबावे. जुन्या, यूईएफआय (नव्या पद्धतीचे फर्मवेअर) नसलेल्या यंत्रांवर शिफ्ट दाबून धरावे. एस्केप घाईघाईने अनेकदा दाबले तर मेनूऐवजी ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो. तसे झाले तर 'नॉर्मल' असे टाइप करून एंटर द्यावे आणि लगेच एस्केप दाबावे, किंवा सरळ रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करावा. उबुंटूत आधीची सुरुवात फसली असेल तर हा मेनू पुष्कळदा आपोआपच येतो आणि अर्धा मिनिट थांबतो.

मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' ही ओळ निवडावी. आत कर्नलच्या आवृत्त्या नव्याकडून जुन्याकडे मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीची रिकव्हरी मोडची जोडनोंद असते. दुसऱ्या क्रमांकाची आवृत्ती, रिकव्हरी नसलेली, निवडावी. ती व्यवस्थित सुरू झाली तर बिघाड नव्या कर्नलपुरता किंवा त्याच्या अर्धवट स्थापनेपुरता मर्यादित आहे हे सिद्ध झाले. त्या दिवशी महालात हेच झाले आणि पडद्यावर नेहमीचे वॉलपेपर उमटले तेव्हा ती मुलगी माझ्यामागेच उभी होती. टर्मिनल उघडण्याआधी मी तिला पेनड्राइव्हवर टिपणांची प्रत काढून घ्यायला सांगितले, आणि प्रत्येकाने येथे तेच करावे. संगणक चालू स्थितीत आहे तोवर पाच मिनिटे द्यावीत आणि जे गमावता येणार नाही ते दुसरीकडे ठेवावे.

मग 'युनेम -आर' ही कमांड देऊन चालू कर्नलची आवृत्ती कागदावर लिहून घ्यावी. दुरुस्ती संपेपर्यंत या आवृत्तीला हात लावायचा नाही. सध्या तुम्ही तिच्याच आधाराने उभे आहात.

जुने कर्नलही सुरू होत नसेल तर नोंदीवर उभे राहून 'ई' दाबावे. उघडलेल्या मजकुरात 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. ते काढून टाकल्यास संगणक लपवत असलेला सगळा मजकूर दिसू लागतो, आणि त्या जागी 'नोमोडसेट' लिहिल्यास ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर बाजूला ठेवून सुरुवात होते. एफ१० दाबले की या बदलासह संगणक सुरू होतो. हा बदल एका वेळेपुरताच असतो, डिस्कवर काही लिहिले जात नाही, त्यामुळे तो करून पाहण्यास घाबरण्याचे कारण नाही.

अर्धवट राहिलेले काम पूर्ण करणे

जुन्या कर्नलमध्ये आल्यावर पहिली कमांड 'डीएफ -एच /बूट' ही द्यावी. '/बूट' चे वेगळे पार्टिशन असेल आणि ते ९५ किंवा १०० टक्के भरलेले दिसले, तर कारण सापडले. डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) करून उबुंटू बसवले की '/बूट' वेगळे होते, आणि काही वर्षांपूर्वीच्या मांडणीत ते बरेच लहान ठेवले जाई. एकेका कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल आजकाल शंभर एमबीच्या घरात सहज जाते, तीन-चार आवृत्त्या साठल्या की जागा संपते, आणि नव्या आवृत्तीची पेटी अर्ध्यावर तुटते. लाइन न जाताही नेमके तेच दृश्य समोर येते.

जागा करण्यासाठी 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' ही कमांड पुरते, आणि ती कोणकोणती नावे काढणार आहे हे 'होय' म्हणण्याआधी वाचावे. कधी मात्र एपीटी (प्रोग्रॅमची पॅकेजे बसवणारे-काढणारे साधन) आधीच्या अर्धवट कामामुळे अडून बसते आणि काढायलाही तयार होत नाही. तेव्हा '/बूट' मधली सर्वांत जुन्या आवृत्तीची इनिटरॅमएफएस फाइल, म्हणजे नावात 'इनिटआरडी' असलेली, '/होम' मध्ये हलवावी. ती चालू कर्नलची नाही याची खात्री मघाच्या कागदावरून करावी. फाइल पुसू नये, हलवावी. जागा झाली की एपीटी मार्गाला लागते. '/बूट' मधल्या फाइली नजरेने निवडून एकेक पुसत बसण्याची सवय अनेकांना असते आणि ती मला घातक वाटते, कारण फाइल गेली तरी पॅकेजच्या नोंदीत ती आवृत्ती तशीच राहते आणि पुढच्या अपडेटला तीच अडचण नव्या रूपात येते.

यानंतर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्यावे. लाइन गेल्यामुळे जी पॅकेजे उघडली गेली पण बसवून झाली नाहीत, त्यांचे राहिलेले काम ही कमांड पूर्ण करते. तिच्या पाठोपाठ 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' द्यावे. मग नव्या कर्नलची पेटी पुन्हा बांधण्यासाठी 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि त्यापुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती, उदाहरणार्थ '६.८.०-६०-जेनेरिक', असे लिहावे. त्या नावाची फाइल आधीच आहे अशी तक्रार आली तर '-सी' ऐवजी '-यू' वापरावे. शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब'.

या कमांड चालत असताना पडद्यावर जे येते ते वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण बिघाड इथे स्वतःच्या तोंडाने बोलत असतो. "पॉसिबल मिसिंग फर्मवेअर" असे सांगणाऱ्या, 'डब्ल्यू' अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी या बहुतेक वेळा नुसत्या सूचना असतात आणि तुमच्या यंत्रात नसलेल्या हार्डवेअरबद्दल असतात. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" ही ओळ मात्र एकदा जरी आली तरी थांबावे आणि जागा करून तीच कमांड पुन्हा द्यावी. ती ओळ नजरेतून निसटली म्हणून रीस्टार्ट केले आणि पुन्हा त्याच पॅनिकवर येऊन पोहोचले, असे माझ्याकडूनही एकदा घडले आहे आणि त्या दिवशी दोन तास वाया गेले.

सगळे बिनतक्रार झाले तर '/बूट' मध्ये नव्या आणि जुन्या इनिटआरडी फाइलींचे आकार शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही साधारण सारखे असतील तर पेटी नीट बांधली गेली आहे. नवी फाइल जुनीच्या एखाद्या तुकड्याएवढी असेल तर अजून काहीतरी चुकते आहे.

नवे कर्नल तरीही फसत असेल तर 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' देऊन आधीच्या सुरुवातींची यादी मागवावी. फसलेली सुरुवात त्या यादीत असेल तर 'जर्नलसीटीएल -बी' आणि त्यापुढे यादीतला तिचा उणे क्रमांक देऊन त्या वेळच्या नोंदी वाचता येतात. ती यादीतच नसेल तर तोही पुरावा आहे: नोंद डिस्कवर लिहिण्याइतपत संगणक पुढे आलाच नाही, म्हणजे बिघाड मुख्य डिस्क उघडण्याआधीचा आहे, आणि शोध इनिटरॅमएफएसच्या आसपासच घ्यायचा आहे.

फेडोरा वापरणाऱ्यांसाठी नावे वेगळी, विचार तोच. तिथे पेटी 'ड्रॅकट' बांधते, म्हणून 'सुडो ड्रॅकट --फोर्स --केव्हर' आणि पुढे आवृत्ती. फेडोरा साधारणपणे शेवटची तीन कर्नले ठेवते, त्यामुळे माघारीची वाट असते. आर्च या आणखी एका लिनक्समध्ये मात्र नवे कर्नल जुन्याच्या जागीच बसते. तिथे आधीपासून एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारे) कर्नल शेजारी बसवून ठेवलेले नसेल तर थेट पेनड्राइव्हकडे वळावे लागते आणि 'एमकेइनिटसीपीआयओ -पी' चालवावे लागते, त्यातले शेवटचे 'पी' मोठे.

ग्राफिक्स आणि सिक्युअर बूट

एनव्हीडियाचे कार्ड असलेल्या यंत्रांवर काळा पडदा येण्याचे कारण बहुधा असे असते की कर्नल नवे आले, पण त्या कर्नलसाठी एनव्हीडियाचा ड्रायव्हर पुन्हा बांधला गेला नाही. हा ड्रायव्हर पुष्कळदा डीकेएमएस नावाच्या यंत्रणेतून प्रत्येक कर्नलसाठी स्वतंत्र बांधावा लागतो आणि त्यासाठी त्या कर्नलचे हेडर (ड्रायव्हर बांधताना लागणाऱ्या फाइली) लागतात. 'डीकेएमएस स्टेटस' दिल्यावर नव्या आवृत्तीपुढे 'इन्स्टॉल्ड' असे नसेल तर नव्या आवृत्तीचे लिनक्स-हेडर्स पॅकेज बसवावे आणि 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' द्यावे. व्हर्च्युअलबॉक्स आणि काही वाय-फाय ड्रायव्हरांचेही असेच होते. संगणक उत्तम सुरू झाला पण वाय-फाय किंवा आवाज गेला, तर उबुंटूत 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' हे नव्या आवृत्तीचे पॅकेज आले आहे का ते पाहावे.

सिक्युअर बूट (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल उचलत नाही आणि नोंदीत "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असे दिसते. असा ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड विचारते आणि पुढच्या सुरुवातीला निळ्या रंगाचा, दहा सेकंदांत निघून जाणारा पडदा दाखवते. अनेकजण तो न वाचता पुढे जातात. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड दिला की सही मान्य होते. पडदा निसटला असेल तर 'सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट' आणि त्यापुढे की फाइलीचा पत्ता देऊन तो पुन्हा मागवता येतो. उबुंटूत ही फाइल '/वार/लिब/शिम-साइन्ड/एमओके' या फोल्डरात असते, तिच्या नावात 'एमओके' मोठ्या अक्षरांत आणि शेवटी 'डीईआर' असते. फोल्डराच्या नावातला शेवटचा शब्दही छोट्या अक्षरांतच आहे.

एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर लिनक्सच्या कर्नलवर आळ घेण्याआधी विंडोजचे अपडेट कधी झाले तेही पाहावे. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अशा अनेक यंत्रांवर जुना शिम (ग्रबच्या आधी चालणारा सही असलेला छोटा प्रोग्रॅम) नाकारला जाऊन "शिम एसबीएटी डेटा" तपासणी फसल्याचा संदेश येऊ लागला होता. त्यावरचा मार्ग असा: फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स सुरू करून 'सुडो मॉकयुटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट' द्यावे, एकदा रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्येच यावे, सगळी अपडेट घ्यावीत आणि मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी असलीच पाहिजे.

कोणतेच कर्नल सुरू होत नसेल तेव्हा

आता पेनड्राइव्ह लागतो. आठ जीबीचा पुरतो. सीताबर्डीच्या बाजारात कोणत्याही दुकानात मिळतो. मित्राच्या संगणकावर त्यावर उबुंटू उतरवून घ्यावे, बिघडलेला संगणक त्यावरून सुरू करावा आणि 'ट्राय उबुंटू' निवडावे. 'इन्स्टॉल' निवडू नये. सर्वांत आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी.

मग टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' देऊन पार्टिशने ओळखावीत. मोठे, 'ईएक्सटी४' लिहिलेले ते मुख्य. 'व्हीफॅट' लिहिलेले, काही शे एमबीचे किंवा एक जीबीच्या आसपासचे ते ईएफआय. मुख्य पार्टिशन 'सुडो माउंट' ने '/एमएनटी' वर जोडावे. '/बूट' वेगळे असेल तर ते '/एमएनटी/बूट' वर आणि ईएफआय '/एमएनटी/बूट/ईएफआय' वर, याच क्रमाने जोडावे. क्रम चुकला, किंवा '/बूट' जोडायचे राहिले, तर पुढच्या कमांड बिनतक्रार चालतात, फाइली भलत्याच जागी तयार होतात आणि रीस्टार्टनंतर काहीच बदललेले नसते. या कामात लोकांचा वेळ सर्वांत जास्त इथेच जातो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी 'सुडो क्रिप्टसेटअप ओपन' ने ती पासवर्ड देऊन उघडावी लागते. तेव्हा तिला '/ईटीसी/क्रिप्टटॅब' या फाइलीत जे नाव आहे तेच द्यावे, नाहीतर नवी पेटी बांधताना त्या डिस्कची नोंद सुटते.

नंतर '/डेव्ह', '/प्रॉक', '/सिस' आणि '/रन' ही चार फोल्डरे एकेक करून 'सुडो माउंट --बाइंड' ने '/एमएनटी' च्या आतल्या त्याच नावांवर जोडावीत आणि 'सुडो सीएचरूट /एमएनटी' द्यावे. आता तुम्ही पेनड्राइव्हवरच्या कर्नलवर उभे राहून तुमच्याच डिस्कवरच्या व्यवस्थेत काम करत आहात. वरची सगळी दुरुस्ती, जागा करण्यापासून 'अपडेट-ग्रब' पर्यंत, इथे तशीच करता येते. एक फरक लक्षात ठेवावा. इथे 'युनेम -आर' पेनड्राइव्हच्या कर्नलची आवृत्ती सांगते, तुमच्या डिस्कवरच्या नव्हे, म्हणून पेटी बांधताना 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' असे लिहून बसवलेल्या सर्व आवृत्त्यांची एकदम बांधावी. ज्या आवृत्तीची पेटी मुळात तयारच झाली नव्हती ती यातून सुटू शकते; तिच्यासाठी आवृत्ती लिहून '-सी' ची कमांड वेगळी द्यावी. काम झाले की 'एक्झिट', मग 'सुडो युमाउंट -आर /एमएनटी', त्यातला 'आर' मोठा, आणि पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट.

नवे कर्नल पूर्ण बसूनही यंत्राला मानवत नसेल, म्हणजे तपासून सारे ठीक आहे पण तेवढीच आवृत्ती अडते, तर ती चूक कर्नलमधली असू शकते. तेव्हा जुन्याच कर्नलवर काम चालू ठेवावे, 'उबुंटू-बग लिनक्स' ने तक्रार नोंदवावी आणि 'सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक लिनक्स-जेनेरिक' असे देऊन नव्या आवृत्त्या थांबवाव्यात. थांबवलेल्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, म्हणून होल्डची तारीख लिहून ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांनी 'अनहोल्ड' करून पुन्हा पाहावे.

अभ्यासिकेत आम्ही तीन बदल केले. पाचही संगणकांवर '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' या फाइलीत ग्रबचा मेनू लपवण्याऐवजी पाच सेकंद दिसेल असे केले, म्हणजे सकाळी कुणाला एस्केपची वेळ साधण्याची धडपड करावी लागत नाही. आपोआप होणारी अपडेट बंद करून ती आठवड्यातून एकदा, सकाळी सातच्या आधी, हाताने घेतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी पारा पुष्कळदा ४५ अंशांच्या आसपास जातो, शहरभर कूलर आणि एसी चालू असतात, आणि तेव्हा लाइन जाण्याची शक्यता जास्त. यूपीएसची बॅटरी बदलली. शिवाय दोन नंबरच्या संगणकाशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे, त्यावर चालू आणि आधीच्या कर्नलची आवृत्ती आणि अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाण्याच्या पायऱ्या मराठीत लिहिल्या आहेत. दर अपडेटनंतर त्यावरचे आकडे ती टिपणेवाली मुलगीच बदलते.